कोंबड्यांच्या शेडला सावली, मग आपल्या शेडला का नको?



आज मी हप्त्याबद्दल बोलणार नाही, की लोणच्याच्या पॅकिंगबद्दलही नाही. आज बोलायचंय ते आपण जिथं बसून काम करतो त्या जागेबद्दल. आपल्या सातारा-सांगली भागात किती तरी जणी घराला लागून असलेल्या गाडीच्या शेडमध्ये, नाही तर शटरच्या गाळ्यात काम करतात. कुणाच्या शिलाई मशीन तिथं आहेत, कुणाची मसाल्याची गिरणी, कुणाचे पापड, कुणाच्या गोधड्या. जागा घरचीच आहे, भाडं नाही, मुलांकडे लक्ष राहतं. सगळं खरं. पण ती जागा बांधली होती गाडीसाठी. गाडीला घाम येत नाही.

मागच्या एका एप्रिलमधली गोष्ट सांगते. आमच्या एका गटानं कापडी पिशव्यांची ऑर्डर घेतली होती. एका ताईंच्या घरचा टेम्पो विकला, शेड रिकामी झाली, तिथं चार मशीन मांडल्या. वर पत्रा, तीन बाजूंना भिंत, पुढं शटर. खिडकी एकही नाही. ऑर्डरची तारीख जवळ आली तेव्हा "दुपारीही बसा, दोनच दिवसांचा प्रश्न आहे," असं सांगणारी मीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास एक वहिनी मशीनवरून उठल्या आणि तिथंच कोसळल्या. ओलं फडकं, वारा, पाणी, मग रिक्षा, मग दवाखाना आणि सलाईन. त्या बऱ्या झाल्या. पण संध्याकाळी मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? "ताई, माझ्या किती पिशव्या राहिल्या?"

त्या प्रश्नानं मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्याच आठवड्यात मी खानापूर तालुक्यात मामांकडे गेले होते. त्यांचं पोल्ट्रीचं शेड आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन लांब बाजूनं आत शिरत नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग. त्यावर उसाचं पाचट अंथरलेलं आणि दुपारी त्यावर पाणी शिंपडायला स्प्रिंकलर. दोन्ही बाजूंना जाळी आणि ओले गोणपाटाचे पडदे. मी विचारलं, "मामा, एवढा खर्च?" ते म्हणाले, "अगं, उन्हानं पक्षी मेला तर मग खर्च कळतो."

मैत्रिणींनो, मी तिथंच उभी राहून विचार केला. कोंबड्यांसाठी एवढं सगळं आपल्या लोकांना ठाऊक आहे. तासगावकडे बेदाण्याची शेड बघा, तिथंही वर सावली आणि चारी बाजूंनी वारा, कारण माल नीट वाळला पाहिजे. मग जिथं घरातली बाई सहा-सात तास बसते, तिथं हे कुणालाच का सुचत नाही? बाईनं सोसायचं असतं, असं आपणच धरून चाललेलो असतो.

ऊन नक्की येतं कुठून?

खर्च करण्याआधी हे समजून घेऊ, म्हणजे पैसा चुकीच्या ठिकाणी जाणार नाही.

मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. याचा अर्थ असा की उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतींवर कमी आणि छपरावर जास्त पडतं. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट इतकी उष्णता पडते. आपली शेड दहा बाय पंधरा फुटांची धरली तर ती होते सुमारे चौदा चौरस मीटर. म्हणजे छपरावर चौदा हजार वॅट. दोन हजार वॅटचे सात हीटर छपरावर लावून ठेवावेत, तसं. सगळी उष्णता आत येत नाही, थोडी परत फिरते, थोडी वारा नेतो. पण पत्रा पातळ असतो. तो लगेच तापतो आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर शेक देत राहतो. तव्याजवळ हात नेला की तवा न शिवताही शेक लागतो ना, तसंच.

आपल्या माणदेशातली जुनी माळवदाची घरं आठवा. छपरावर मातीचा जाड थर. तो थर तापायला संध्याकाळ व्हायची, तोवर माणसं अंगणात आलेली असायची. पत्र्याकडे ती जाडी नाही. आणि म्हणूनच तो हिवाळ्यात पहाटे तितक्याच लवकर गार पडतो. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ, दोन्हीचं मूळ वरचा पत्राच आहे.

स्लॅबच्या गाळ्याचं उलटं असतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सहा-सातला आत सोडायला लागतो. त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये दुपार वाईट, आणि स्लॅबखाली संध्याकाळ वाईट. कामाची वेळ ठरवताना आपल्या डोक्यावर काय आहे ते आधी बघा.

पहिलं काम: छपराबाहेरच ऊन अडवा

ऊन एकदा आत आलं की त्याला बाहेर काढायला वीज लागते. बाहेरच अडवलं तर वीज लागत नाही.

सर्वांत सोपा उपाय पांढऱ्या रंगाचा. गंजलेला, काळपट पत्रा ऊन पितो, पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत पाठवतो. स्लॅबवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर चुन्याचे दोन-तीन हात चालतात. चुना पकडून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा फेविकॉल घालतात. पावसानं तो धुपतो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा द्यायचा. लोखंडी पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात. तिथं आधी गंज घासून काढा आणि बाहेरच्या कामाचा पांढरा रंग किंवा उष्णता परतवणारा छपराचा रंग लावा. छपरावर धूळ बसली की रंगाचा उपयोग कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात मधून मधून झाडून घ्या.

दोन गोष्टी सांभाळा. चुना कालवताना डोळ्यांत जाऊ देऊ नका. गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. दुसरं, सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. तो अचानक फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. आडवी फळी टाकून, दोराचा आधार घेऊन, माहीतगार माणसाकडूनच काम करून घ्या. जुना सिमेंटचा पत्रा कापू किंवा भोकं पाडू नका, त्यातल्या अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते.

हा काही मी शोधलेला उपाय नाही. अहमदाबादमध्ये मे 2010 मध्ये उष्णतेची मोठी लाट आली, खूप माणसं दगावली. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहरानं उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि 2017 पासून वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला सुरुवात केली. तिथं महिला हाउसिंग ट्रस्ट ही 'सेवा' परिवारातली संस्था पत्र्याखाली घरातच काम करणाऱ्या बायकांसोबत हे काम करते आहे. तेलंगण राज्यानं तर 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं.

दुसरा उपाय सावलीचा. रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट आपल्याकडे कुठंही मिळते. ती पत्र्याला चिकटवून टाकू नका. पत्र्यापासून फूटभर उंच ताणा, म्हणजे मधून वारा खेळेल. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन येतं, तिथं मांडव घालून घेवडा, दोडका किंवा कारल्याचा वेल चढवा. सावलीही होईल आणि कालवणाची सोयही. फक्त वेल थेट पत्र्यावर नको, ओल धरून पत्रा गंजतो.

आणि पाचट? मामांच्या शेडवर ते चालतं. आपल्याकडे शिलाई असेल, इस्त्री असेल, शेजारी चूल असेल तर वाळलं पाचट म्हणजे आगीला आमंत्रण. मी तरी सुचवणार नाही.

दुसरं काम: आतून अस्तर

झंपरला अस्तर लावतो तसं पत्र्यालाही आतून अस्तर लावता येतं. बांबूच्या तट्ट्या किंवा जिप्समचं छत, पत्र्यापासून चार-सहा इंच खाली. मधल्या पोकळीत हवा राहते, ती शेक अडवते. पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. हिवाळ्यात ती भोकं बंद करता आली तर आणखी चांगलं. थर्मोकोल स्वस्त मिळतो, पण तो चटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कापडाच्या कामाजवळ तो लावू नका.

तिसरं काम: हवेला वाट

गरम हवा वर जाते. म्हणून हवा आत येण्याची वाट खाली आणि बाहेर जाण्याची वाट समोरच्या भिंतीत वर हवी. गाडीच्या शेडमध्ये नेमकं हेच नसतं. शटर उघडलं तरी हवा तोंडाशी येऊन थांबते, कारण पुढं जायला रस्ता नाही. मागच्या भिंतीत वरच्या बाजूला दोन झरोके पाडा किंवा एक एक्झॉस्ट पंखा बसवा. बघा काय फरक पडतो.

पुष्कळ जणी सांगतात, "ताई, शटर उघडं ठेवलं की रस्त्यावरचे बघतात." हे मला मान्य आहे. म्हणून शटर बंद करण्याऐवजी शटरच्या जागी शेडनेटचा किंवा बारीक जाळीचा पडदा लावा. आपल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्यांना आतलं फारसं दिसत नाही, आणि वारा येतो.

पंख्याबद्दल एक गोष्ट. अस्तर नसलेल्या पत्र्याखाली छताचा पंखा लावला तर तो वरची तापलेली हवाच खाली ढकलतो. आधी अस्तर, मग छताचा पंखा. तोवर दाराजवळ टेबल पंखा ठेवून बाहेरची हवा आत घ्या. आणि बाहेर चाळीस अंशांच्या वर गेलं की नुसत्या पंख्यावर भरवसा नको. तेव्हा तो अंगावर गरम झळच मारतो.

विजेचा हिशेबही करू. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅटचा. रोज आठ तास चालला तर महिन्याला 18 युनिट. नवा बीएलडीसी पंखा साधारण 30 वॅटचा, त्याला लागतात सात युनिटच्या आसपास. जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब उजेड थोडा आणि उष्णता जास्त देतो, तो काढून नऊ वॅटचा एलईडी लावा. इस्त्री हजार वॅटची असते. सगळी इस्त्री सकाळी उरकून घेतली तर दुपारी खोलीत तेवढी उष्णता कमी.

कूलर माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात एप्रिल-मेमध्ये छान चालतो, कारण पाण्याची वाफ होताना हवा गार होते. पण त्याला बाहेरची हवा घ्यायला एक बाजू आणि आतली हवा जायला दुसरी बाजू उघडी लागते. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात नुसता चिकचिकाट. पावसाळ्यात तर त्याचा उपयोगच नाही. पापड, मसाला, हळद यांच्या खोलीतही कूलर नको, मालाला ओल लागते. आणि जिथं प्यायला टँकरची वाट बघावी लागते, तिथं कूलरच्या टाकीत किती कळश्या ओतायच्या हेही ठरवावं लागेल. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा, नाही तर डेंग्यूचे डास होतात. पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढाच. तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग हवंच. कूलरचा शॉक बसून जीव जातो.

एसी घ्यावा का, असंही विचारतात. उघड्या पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. आधी छप्पर नीट करा. मग बहुतेकींना त्याची गरजच उरत नाही.

हिवाळ्याचं काय?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात. जावळी, पाटण, वाई भागातल्या मैत्रिणींना थंडी काय ते सांगायला नको. बोटं आखडली की सुई धरता येत नाही. तिथं पांढऱ्या रंगापेक्षा आतलं अस्तर जास्त कामाचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून किंवा दारातून ऊन खोलवर आत येतं. मशीन त्या बाजूला सरकवा. शटरच्या खालच्या फटीत कापडाची गुंडाळी लावा. पायाखाली गोणपाट किंवा जुनी गोधडी घाला, कारण थंडी फरशीतून चढते. दोन हजार वॅटचा हीटर चार तास लावला तर दिवसाला आठ युनिट जातात. त्यापेक्षा खोली नाही, माणूस गरम ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात शेकोटी कधीही पेटवू नका. धूर दिसला नाही तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. त्याच कारणानं शटर लावून गाडी किंवा जनरेटर आत चालू ठेवू नका. पेट्रोलचा कॅनही त्या खोलीत नको.

वेळ आणि पाणी

हे सगळं होईपर्यंत उन्हाळा थांबणार नाही. म्हणून आजपासून करायची गोष्ट म्हणजे वेळ बदलणं. पत्र्याखाली सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी साडेचारनंतर काम, मधल्या वेळेत घरात किंवा झाडाखाली बसून हातशिलाई, मोजणी, पॅकिंग. मला माहीत आहे, सकाळची वेळ म्हणजे पाणी, भाकरी, डबे. ती वेळ मोकळी करायची तर घरातल्या इतरांनी हात लावायला हवा. पाणी भरणं, मुलांना शाळेत सोडणं हे नवरा किंवा सासरे करू शकतात. हे घरात बोलावं लागेल. ऑर्डरचे पैसे घरातच येतात ना?

दर अर्ध्या तासानं पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. खूप घाम आला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, नीट मोजून. लघवीला जायला लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी आहेत. जिथं काम, तिथं संडासाची सोय हाही गटाचाच प्रश्न समजा.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की काम थांबवा आणि सावलीत या. अंग फार तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. लगेच 108 ला फोन करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. गरोदर आणि वयस्क मैत्रिणींना दुपारी पत्र्याखाली बसवूच नका.

पैसे कुठून?

आम्ही काय केलं ते सांगते. गटाच्या बैठकीत ठराव घेतला आणि अंतर्गत कर्जातून त्या ताईंच्या शेडला रंग, मागं झरोके आणि वरून शेडनेट केलं. अस्तर पुढच्या ऑर्डरच्या नफ्यातून. शेड एकीची, मग कर्ज सगळ्यांनी का फेडायचं, यावर वाद झाला आणि तो रास्तच होता. शेवटी असं ठरलं की कर्ज गटाचं, आणि त्या बदल्यात तीन वर्षं शेडचं भाडं घ्यायचं नाही. तसं वहीत लिहून सह्या केल्या. भिंतीवर एक साधं थर्मामीटर टांगलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडा वहीत लिहितो. दुपारचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की मशीन बंद. मग कुणी आग्रह करायचा नाही, मीसुद्धा नाही.

आता ऑर्डर घेताना मी उन्हाळ्यात दिवस वाढवून मागते. एका व्यापाऱ्यानं त्यावरून ऑर्डर दिली नाही. दुसऱ्यानं दिली.

त्या वहिनी आजही तिथं शिवतात. त्यांची मशीन झरोक्यासमोर आहे, ती जागा त्यांनी स्वतः निवडली. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की पाच मिनिटं काढा आणि सगळ्याजणी मिळून आपल्या कामाच्या जागेचं छप्पर एकदा बघून या. शक्यतो दुपारी दोन वाजता जा.